ओडिन केवळ युद्धदेव नव्हे

महोदय,
नॉर्स म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियातल्या दैवतांवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. थॉरचा हातोडा, लोकीची कारस्थाने यांवर भरभरून लिहिलेय, ते आवडलेच. पण मुख्य देव ओडिन ‘युद्धदेव’ या एका शब्दात उरकला, याचे वाईट वाटले. ज्ञानासाठी एवढी किंमत मोजणारा देव विरळाच. मिमिरच्या ज्ञान देणाऱ्या विहिरीतले घोटभर पाणी मिळावे म्हणून त्याने आपला डोळा दिला. रून अक्षरांचे गूढ उकलावे म्हणून भाल्याची जखम अंगावर घेऊन, अन्नपाण्यावाचून नऊ रात्री तो झाडाला लटकून राहिला.

त्याचे दोन डोमकावळे, हुगिन म्हणजे विचार आणि मुनिन म्हणजे स्मृती, रोज जगभर फिरून येतात. जुन्या काव्यात तो म्हणतो, हुगिन परतेल ना याची धास्ती वाटतेच, पण मुनिनची जास्त. माझ्या आईला शेवटी शेवटी माझे नाव आठवत नसे. ही ओळ वाचली की मला तीच दिसते.

ही कवने जपणारे चर्मपत्री हस्तलिखित डेन्मार्कने १९७१ साली आइसलँडला परत केले, तेव्हा रेक्याविकच्या धक्क्यावर गर्दी लोटली होती. ओडिनवर स्वतंत्र लेख जरूर द्यावा.

– एक वाचक, सातारा