बारावी मराठी : शनिवारी वह्या घेऊन या

सर्व सभासद शिक्षकांना आठवण : शनिवारी दुपारी ३ वाजता नेहमीच्या ठिकाणी बसायचं आहे. ‘युवकभारती’ या बारावीच्या पाठ्यपुस्तकात उपयोजित मराठी, म्हणजे व्यवहारात लागणाऱ्या लेखनाच्या भागात मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख असे चार घटक आहेत. या वेळी फक्त अहवाल घेऊ. प्रत्येकाने मुलांनी लिहिलेले तीन अहवाल आणावेत. चांगले तेवढे निवडून नकोत. परवा एका वहीत वृक्षारोपणाचा अहवाल तपासला. ‘कार्यक्रम उत्साहात पार पडला’ हे वाक्य तीनदा, पण रोपं कोणती, किती, कुठे लावली याचा पत्ता नाही! मुलगी स्वतः तिथे खड्डे खणत होती, तरी लिहिलं ते गाइडातलं. रसग्रहणाचंही हेच होतं, ते पुढच्या बैठकीत. येणं जमणार नसेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, वह्या मात्र कुणाबरोबर तरी पाठवा.