साउंडबार घ्यायच्या आधी टीव्ही मागून बघ

चि. ओंकार,

तू पाठवलेला साउंडबारचा फोटो बघितला, दिसायला छानच आहे, पण आत्ता घेऊ नकोस. फोनवर सांगितलं की तू नुसतं हो आई हो आई करतोस, म्हणून लिहूनच पाठवतेय.

बाबांचा जुना ॲम्प्लिफायर आणि ते दोन लाकडी स्पीकर इथे नौपाड्यात माळ्यावर पडून आहेत, आणि व्यवस्थित चालतात, दिवाळीच्या साफसफाईत मी लावून बघितले. तेच टीव्हीला जोड. एवढ्याशा पट्टीतून बास येणार कुठून, म्हणून तर ते लोक सोबत सबवूफरचा वेगळा डबा विकतात ना!

आता तुझ्या खारघरच्या टीव्हीच्या मागे टॉर्च मारून बघ. एचडीएमआयच्या दोन-तीन भोकांपैकी बहुतेक एकावरच एआरसी लिहिलेलं असेल, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच वायरीतून बाहेर पाठवायची सोय, साउंडबारवाले तेच वापरतात. पण एआरसी आलं २००९ मध्ये, एचडीएमआय १.४ बरोबर, आणि बाबांचा ॲम्प त्याच्या कितीतरी आधीचा, त्याला एचडीएमआयच नाही. मग आपण ऑप्टिकल वापरायचं, ते तोशिबाने १९८३ मध्ये काढलेलं चौकोनी भोक, आत लाल उजेड दिसतो. ॲम्पला तेही नाही, म्हणून मधे एक छोटा डॅक लागतो, डिजिटलचं ॲनालॉग करणारी डबी, लॅमिंग्टन रोडला साधी मिळते. टीव्हीतून ऑप्टिकल डॅकला, डॅकमधून लाल-पांढऱ्या टोकांची आरसीए वायर ॲम्पच्या ऑक्स लिहिलेल्या भोकांना. फोनो लिहिलंय तिथे चुकूनही खुपसू नकोस, ते रेकॉर्ड प्लेअरसाठी असतं, त्याचा सिग्नल अगदीच बारीक म्हणून ॲम्प तिथे तो प्रचंड वाढवतो, तुझा आवाज नुसता फाटेल. ऑप्टिकलच्या टोकांवर प्लास्टिकच्या बारीक टोप्या असतात त्या आधी काढ, अर्धे लोक तिथेच अडकतात. आणि टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये पीसीएम कर, म्हणजे साधा डिजिटल आवाज, डॉल्बी ठेवलंस तर साध्या डॅकला ते कळत नाही, आवाजच येणार नाही किंवा नुसती खरखर. व्हॉल्यूम मात्र बहुतेक ॲम्पवरूनच कमीजास्त करावा लागेल, उठायचा व्यायाम होईल तेवढाच.

लॅपटॉपचं म्हणशील तर त्याला ॲम्पपर्यंत वेगळी वायर नकोच. लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला लाव, विंडोजमध्ये आवाजाचं आउटपुट टीव्ही निवड, पुढे आवाज आपोआप ऑप्टिकलमधून जातो. हेडफोनच्या भोकातून थेट ॲम्पला वायर टाकायची आयडिया तुझा मित्र देईल, पण त्यात चार्जर लावला की बरेचदा घूंऽऽ असा आवाज येतो, अर्थिंगचा घोळ. ऑप्टिकलमधून फक्त उजेड जातो, वीज नाही, म्हणून त्या वायरीतून तो घोळ पुढे सरकतच नाही.

स्क्रीनच्या कडा कापल्या गेल्या, खालची टास्कबार दिसेनाशी झाली तर लॅपटॉपला शिव्या देऊ नकोस, टीव्हीच्या सेटिंगमध्ये ओव्हरस्कॅन बंद कर. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत कडा फ्रेममागे लपवायला चित्र थोडं मोठं करायचे, ती सवय अजून गेली नाही. अक्षरं फसफसलेली दिसली तर त्या इनपुटचं नाव पीसी ठेवून बघ, पुष्कळ टीव्हींमध्ये तेवढ्याने सुधारतं. फोरकेवर माउस अडखळत सरकला तर ३० हर्ट्झवर चाललंय समज, एचडीएमआय १.४ ची मजल तेवढीच, ६० साठी २.० लागतं आणि ते लॅपटॉप, केबल, टीव्ही तिघांनाही जमायला हवं. सोनेरी टोकाची महागडी केबल गळ्यात मारतील, इथल्या दुकानदाराने मलाही मारायला बघितली, दीड-दोन मीटरला साधी चांगली केबल पुरते.

ॲम्प जड आहे, ठाणे-पनवेल लोकलच्या गर्दीत तो घेऊन चढायचा विचारही करू नकोस, रविवारी गाडी घेऊन ये आणि जेवायलाच ये. स्पीकरची वायर नवीन घ्यावी लागेल, जुनी उंदरांनी खाल्लीय. लावताना लाल लालला, काळी काळीला, दोन्ही स्पीकरना, एकाची उलटी झाली तर बास गायब होतो. हॉल मोजून किती फूट लागेल ते शनिवारपर्यंत कळव, मी इथूनच आणून ठेवते.

आई