पोटावरची दुसरी शस्त्रक्रिया आणि पहिलीचा हरवलेला कागद: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री,
गोवा सरकार, सचिवालय, पर्वरी.

विषय: वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा संपूर्ण अहवाल रुग्णाच्या हाती देणे आणि तो दीर्घकाळ जपून ठेवणे इस्पितळांना बंधनकारक करण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. मी फोंडा तालुक्यातील एका हायस्कूलमध्ये 27 वर्षे मराठी शिकवणारी शिक्षिका आहे. माझ्या जठरावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. 2016 साली स्लीव्ह, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठर कापून अरुंद करण्याची शस्त्रक्रिया झाली, आणि 2023 साली त्या स्लीव्हचे बायपासमध्ये, म्हणजे जठराची लहान पिशवी ठेवून तिला आतडे जोडण्याच्या शस्त्रक्रियेत, रूपांतर करावे लागले. दोन्ही वेळा निर्णय माझा होता, इस्पितळ खाजगी होते आणि पैसे भविष्य निर्वाह निधीतून काढलेले होते, त्यामुळे स्वतःसाठी मागण्यासारखे माझ्याकडे काही नाही. मात्र या दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या सात वर्षांत एका साध्या कागदाने मला जे भोगायला लावले, ते पुढच्या रुग्णाच्या वाट्याला येऊ नये ही व्यवस्था आपल्या खात्याला करता येण्याजोगी आहे, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

पहिल्या शस्त्रक्रियेला मी नावे ठेवत नाही. तेव्हा माझी उंची 157 सेंटिमीटर आणि वजन 112 किलो होते, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) 45. मधुमेहाच्या दोन गोळ्या चालू होत्या आणि शाळेचा जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून खिडकीबाहेर काहीतरी पाहत असल्याचा बहाणा करावा लागत असे. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश भाग कापून शरीराबाहेर काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी मागे ठेवतात. काढलेला भाग काढलेलाच राहतो; तेथून मागे फिरता येत नाही. चौदा महिन्यांत मी 74 किलोंवर आले, मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या, आणि जिन्यावरची ती खिडकी मी विसरून गेले.

तिसऱ्या वर्षापासून घशाशी आंबट येऊ लागले. स्लीव्हनंतर उरलेल्या नळीतील दाब वाढतो, अन्ननलिका जठराला जेथे मिळते तेथील नैसर्गिक कोन बिघडतो, आणि छाती व पोट यांमधल्या पडद्याच्या छिद्रातून जठराचा वरचा भाग छातीकडे सरकला की आम्लाला वर यायला मोकळी वाटच मिळते. हे सारे मला पुढे कळले. त्या वेळी मी त्याला पित्त म्हणत होते आणि कोकमाचे सार पीत होते, म्हणजे आगीत तूप ओतत होते. चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळे बांधताना खाली वाकून टोपलीतील सुपारीचा घोस उचलला आणि आंबट पाणी थेट नाकातून आले. घरची मंडळी आरतीची तयारी करत होती आणि मी न्हाणीघरात नळ सोडून उभी होते, खोकल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. रात्री आडवे होणे जमेना. जवळपास दोन वर्षे मी पडवीतील आरामखुर्चीत झोपले. शाळेत तिसऱ्या तासानंतर आवाज बसायचा, आणि कविता शिकवणाऱ्या बाईंचा आवाज बसला की वर्गाचे काय होते हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

2022 साली एंडोस्कोपी केली तेव्हा अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सी श्रेणीचे, म्हणजे तीव्र स्वरूपाचे, व्रण निघाले. गोळ्यांचा डोस दुप्पट करूनही ते भरले नाहीत, आणि असा दाह वर्षानुवर्षे राहिला तर अन्ननलिकेचे अस्तर बदलून पुढे कर्करोगाचा धोका वाढू शकतो हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. दरम्यान वजनही 89 वर गेले होते. स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर करावे असे ठरले, आणि पुण्यातील शल्यचिकित्सकांनी पहिल्याच भेटीत हात पुढे करून एकच वस्तू मागितली: पहिल्या शस्त्रक्रियेचा ऑपरेशन अहवाल.

माझ्याकडे डिस्चार्ज कार्ड होते. त्यावर शस्त्रक्रियेबद्दल दीड ओळ होती: दुर्बिणीद्वारे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टोमी केली, गुंतागुंत नाही. बाकी कार्डभर पथ्य होते. शल्यचिकित्सकांना हवे होते ते वेगळेच. जठर कापताना आत किती जाडीची नळी ठेवली होती, कापणे जठराच्या खालच्या दारापासून किती अंतरावर सुरू केले, वरचा फुगीर भाग पूर्ण काढला की मागे राहिला, स्टेपलच्या रेषेवर पुन्हा टाके घातले का, पडद्याचे छिद्र तपासले का आणि ते सैल असल्यास शिवले का. दुसऱ्या वेळी पोट उघडणाऱ्याला या प्रत्येक उत्तराचा उपयोग असतो, कारण पहिल्या शस्त्रक्रियेनंतर आतले अवयव एकमेकांना चिकटलेले असतात, जुन्या स्टेपलच्या रेषेवर नवी रेष कुठे येते यावर गळतीचा धोका ठरतो, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत हा धोका मुळातच पहिलीपेक्षा जास्त असतो.

मी गोव्यातील त्या इस्पितळाकडे अर्ज केला. जुन्या फायली नष्ट केल्याचे उत्तर आले, आणि महोदय, त्या इस्पितळाने नियम मोडला असे मला म्हणता येत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 सालच्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यास 72 तासांत द्यायच्या असतात. तापाच्या रुग्णाला तीन वर्षे पुष्कळ झाली. पण स्लीव्हनंतरचा आम्लदाह आणि वजनाची पुनर्वाढ ही दुखणी अनेकदा तिसऱ्या, पाचव्या, आठव्या वर्षी डोके वर काढतात, म्हणजे नेमका कागद लागतो तेव्हा तो कायद्याला धरून रद्दीत गेलेला असतो. मागितल्यास 72 तासांत देण्याच्या तरतुदीचाही अशा रुग्णाला उपयोग नाही, कारण आपल्याला हा कागद कधी लागेल हे त्याला माहीतच नसते. मी शिकलेली बाई असून मला ठाऊक नव्हते.

त्या एका पानाऐवजी मला बेरियमचे एक्स-रे, सी.टी. स्कॅन आणि दुसऱ्यांदा एंडोस्कोपी करावी लागली. त्यातून नकाशा बराचसा उभा राहिला, पूर्ण नाही. शस्त्रक्रिया ठरवल्यापेक्षा दोन तास अधिक चालली.

माझी पहिली विनंती म्हणूनच अगदी लहान आहे. आपल्या राज्यात गोवा क्लिनिकल आस्थापना कायदा, 2019 आहे. त्याखालील नियमांत एवढीच भर घालावी की जठर वा आतड्याची रचना कायमची बदलणाऱ्या प्रत्येक शस्त्रक्रियेचा संपूर्ण अहवाल, वापरलेल्या स्टेपलर वा बँडच्या तपशिलासह, रुग्णाला घरी सोडतानाच न मागता द्यावा, आणि इस्पितळाने त्याची प्रत किमान वीस वर्षे ठेवावी. कागद ठेवायला जागा नाही ही सबब आता टिकणारी नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशन 2021 पासून देशभर चालू आहे. अहवाल रुग्णाच्या आभा क्रमांकाशी, म्हणजे त्या मिशनमधील त्याच्या डिजिटल आरोग्य खात्याशी, जोडला की कपाटाचा प्रश्नच मिटतो.

कागदाइतकाच सल्लाही महत्त्वाचा आहे, म्हणून एक गोष्ट येथेच सांगते. पुण्याला जाण्यापूर्वी मला एका ठिकाणी मिनी बायपास सुचवला होता. त्यात आतडे जठराला एकाच जागी जोडतात. वेळ कमी लागतो आणि खर्चही कमी येतो. दुसऱ्या डॉक्टरांनी समजावले की ज्याचा मूळ त्रासच वर उलटून येण्याचा आहे त्याच्या बाबतीत या जोडणीमुळे पित्तरस जठरात येऊन अन्ननलिकेपर्यंत चढू शकतो, म्हणून दोन जोडण्यांचा रू-एन-वाय बायपास अधिक योग्य. त्यात अगदी लहानशी पिशवी अन्ननलिकेला राहते आणि पित्तरस बऱ्याच खालच्या अंतरावर अन्नाला मिळतो. माझे आंबट येणे शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्याच आठवड्यात थांबले आणि मी पलंगावर आडवी झोपले. वजन मात्र 80 च्या खाली गेले नाही. दुसऱ्या शस्त्रक्रियेने पहिलीसारखा चमत्कार होईल असे कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये, आणि हे सांगणारा निःपक्ष माणूस रुग्णाला बांबोळीला, गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) भेटायला हवा. 1842 पासूनची परंपरा सांगणाऱ्या या महाविद्यालयात महिन्यातून दोन दिवस तरी शल्यचिकित्सक, पोटविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ एकत्र बसतील अशी ओपीडी केवळ या रुग्णांसाठी ठेवावी. शस्त्रक्रिया कुठेही झालेली असो, सल्ला तेथे मिळावा.

आता पैशांविषयी. विमा नियामक प्राधिकरणाने 2019 मध्ये आरोग्य विम्यातील अपवादांची भाषा एकसारखी केली. त्यानुसार स्थूलतेवरील शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी बीएमआय 40 हवा, किंवा 35 आणि सोबत हृदयस्नायूंचा स्थूलताजन्य आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास थांबण्याचा विकार) किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांपैकी एक हवे. दुसऱ्या वेळी माझा बीएमआय 36 होता. मधुमेह पहिल्या शस्त्रक्रियेने आटोक्यात आणून ठेवला होता. व्रण पडलेली अन्ननलिका त्या यादीत नाही, म्हणून माझा दावा फेटाळला गेला. माझी शस्त्रक्रिया वजनासाठी नव्हती, तरी ती वजनाच्या मापाने मोजली गेली. केंद्राचा नियम आपण बदलू शकत नाही, पण त्याविषयी प्राधिकरणाला राज्यातर्फे लिहू शकता. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना मात्र आपली स्वतःची आहे. 2016 साली ती सुरू झाली तेव्हा तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख असे तिचे विमा संरक्षण ठेवले होते. पहिल्या शस्त्रक्रियेच्या दुष्परिणामासाठी कराव्या लागणाऱ्या रूपांतराला त्या योजनेत स्वतःचे नाव आणि स्वतःचा दर असावा, म्हणजे ते सौंदर्याच्या वा स्थूलतेच्या खात्यात ढकलले जाणार नाही.

शेवटची विनंती तातडीच्या विभागांविषयी आहे. आमच्या वाड्यावरची एक मुलगी आखातात नोकरीला असताना तेथे जठराभोवती सिलिकॉनचा बँड बसवून आली. सुट्टीत घरी आली आणि उलट्या सुरू झाल्या. पाणीसुद्धा पोटात राहीना. एका दवाखान्यात तिला दोन दिवस सलाईन लावून ठेवले. कातडीखालच्या लहानशा पोर्टमध्ये योग्य सुई घालून बँडमधले पाणी काढले की तो सैल होतो, हे तिसऱ्या दिवशी एका तरुण डॉक्टरांनी केले आणि ती तासाभरात पेज प्याली. पुढे बँड काढून तिचीही शस्त्रक्रिया बदलावी लागली, तो भाग वेगळा. म्हापशाचे आझिलो, मडगावचे हॉस्पिसियो, फोंड्याचे उपजिल्हा इस्पितळ या सरकारी इस्पितळांतील कॅज्युअल्टीच्या भिंतीवर एक पान लावावे: बँडवाल्या रुग्णाला सतत उलट्या होत असतील तर आधी बँड सैल करा. अशा कोणत्याही रुग्णाला दिवसेंदिवस उलट्या झाल्या असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिन (जीवनसत्त्व बी-1) द्या, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. बायपास झालेल्याच्या नाकातून न पाहता नळी घालू नका. त्याला दुखण्यावरच्या नेहमीच्या ब्रूफेनसारख्या गोळ्या देऊ नका, जोडणीवर व्रण पडतो. आणि त्याच्या पोटात असह्य कळा येत असतील तर साधा एक्स-रे चांगला आला म्हणून घरी पाठवू नका, आतडे आतल्या आत अडकलेले असू शकते.

हे मूठभर माणसांचे दुखणे आहे असे आपल्या अधिकाऱ्यांनी सांगितले, तर त्यांना 2023 सालचा आयसीएमआर-इंडियॅब अभ्यास, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मधुमेहाविषयीची देशव्यापी पाहणी, दाखवावा. त्यात मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात आढळले, 26.4 टक्के. अशा राज्यात या शस्त्रक्रिया वाढणारच. 2025 मध्ये आठवड्याला एकदा टोचायची नवी इंजेक्शने देशात आली आहेत आणि त्यांनी काहींची शस्त्रक्रिया टळेलही, पण ज्यांची पोटे आधीच कापली गेली आहेत त्यांची रचना इंजेक्शनाने पूर्ववत होणार नाही.

पुण्यातील शस्त्रक्रियेनंतर मला साडेतीन पानांचा अहवाल मिळाला. त्यात आतड्याच्या दोन्ही भागांची लांबी सेंटिमीटरमध्ये आहे, पडद्याचे छिद्र किती टाक्यांनी शिवले ते आहे, आणि एका कोपऱ्यात शल्यचिकित्सकांनी बॉलपेनने काढलेली माझ्या पोटाची आकृती आहे. त्याची एक प्रत मी लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवते. दुसरी, माझे नाव झाकून, या पत्राच्या आपल्याकडे पाठवलेल्या प्रतीला नमुना म्हणून जोडली आहे.

आपली नम्र,
एक शिक्षिका,
फोंडा तालुका, गोवा.