एक जूनचा वाढदिवस

कराड,
६ जून २०२५

प्रिय शैला,

तुझा मेसेज एक तारखेला सकाळीच बघितला होता पण उत्तर द्यायचं राहिलं, त्या दिवशी मोबाईल नुसता टिंग टिंग करत होता. डीएडचा ग्रुप, केंद्रातल्या शिक्षकांचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, माहेरचा ग्रुप, सगळीकडे हॅपी बर्थडे आणि केकचे फोटो, आणि नक्की कुणाला ते कुणालाच कळेना कारण निम्मा ग्रुप एक जूनचाच. शेवटी एकाने "सर्व एक जूनकरांना सामुदायिक शुभेच्छा" असं टाकून विषय संपवला. तुझं बरंय बाई, तुझे वडील तलाठी, त्यामुळे तुझी तारीख खरी, आपल्या होस्टेलवर तू एकटीच नोव्हेंबरची असल्याचा काय तोरा होता तुझा!

तर झाले एकदाची रिटायर. एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सेवा संपते, म्हणजे ३१ मे. शनिवारी रात्री झोपले तेव्हा नोकरीत होते, रविवारी उठले तर पेन्शनर आणि वर वाढदिवस. आणि खरं सांगू का, काहीच वाटलं नाही गं. सुट्टीच चालू आहे ना. मास्तर लोकांचं रिटायरमेंट असं मे महिन्यात चोरपावलाने येतं, शाळेला कुलूप, पोरं मामाच्या गावाला, निरोप द्यायला कोण असणार? म्हणून आमच्याकडे समारंभ १ मेलाच उरकला. सकाळी झेंडावंदन, मग निकालपत्रकं वाटली, मग शाल, श्रीफळ, साडी आणि भाषणं. सरपंच माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले की मला वाटलं हे दुसऱ्याच कुणाचं भाषण घेऊन आलेत. दुसरीतली एक पोरगी हळूच जवळ आली आणि म्हणाली, बाई, म्हणजे तुम्हाला आता रोजच सुट्टी? इतक्या हेव्याने म्हणाली की मला हसूच आवरेना, आणि तिकडे सगळे समजले मी रडतेय, मग दोघीतिघी पाणी घेऊन आल्या.

वाढदिवसाला मुलगा-सून पुण्याहून आले होते, केक घेऊन, वर ५८ चे आकडे. मी म्हटलं अरे कशाला, तर सून म्हणाली आई, डबल सेलिब्रेशन आहे. बरं म्हटलं. तर आमची आई (सध्या माझ्याकडेच असते, ऐकू कमी येतं पण बोलणं पहिल्यासारखंच खणखणीत) पाटावर बसून सगळं बघत होती, मी ओवाळायला बोलवलं तर म्हणाली, आज कसला वाढदिवस, तू दसऱ्याची. सोनं वाटून माणसं घरी आली आणि रात्री तू झालीस. आणि कोयनेचा भूकंप झाला तेव्हा नुकती चालायला लागली होतीस, त्या पहाटे तुला काखेत मारून मी अंगणात पळाले, नंतर कितीतरी दिवस घरात झोपायची कुणाची छाती नव्हती. आता भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, हे आपण पोरांना शिकवलेलं. म्हणजे माझा दसरा १९६६ चा. आणि दाखल्यावर १ जून १९६७!

हे तसं मला माहीत होतं गं, घरात सगळ्यांनाच माहीत असतं, पण कधी बसून हिशोब केला नव्हता. त्या दिवशी मुलाने मोबाईलवर केला. खऱ्या तारखेने मी गेल्या ऑक्टोबरअखेरच घरी बसले असते. म्हणजे आमच्या वाडीच्या गुरुजींनी मला सात महिन्यांचा पगार जास्त मिळवून दिला की! आई सांगते ते पटनोंदणीला दारोदार फिरायचे, पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की झालं, शाळेत घातलं. तारीख विचारली तर वडील म्हणाले असतील लिवा तुम्हाला कसं जमतंय तसं. शाळा जूनमध्ये सुरू, पोरगं तेव्हा पुरं सहाचं दिसायला हवं, म्हणून सरसकट एक जून. पुढे मीच इतकी वर्षं जनरल रजिस्टर लिहिलं, जुनी पानं उघडली की खालपासून वरपर्यंत एक जून, एक जून, भावाभावांचा सुद्धा एक जून. आता जन्मदाखला लागतो, त्यामुळे हल्लीच्या पोरांना निदान आपापला वाढदिवस तरी मिळतो.

बाकी कागदांचं चालू आहे. ना-देय प्रमाणपत्रं, सेवापुस्तक, जोडीने काढलेले फोटो (ह्यांनी फोटोत असा चेहरा केलाय की रिटायर तेच झालेत), सह्याच सह्या. पेन्शन विकायची की नाही यावरून घरात दोन तट आहेत. हे म्हणतात ४० टक्के विकून टाक, त्याची रक्कम आधीच एकदम हातात येईल, पंधरा वर्षांनी पुन्हा पूर्ण सुरू होते. मी म्हणते पंधरा वर्षांनी मी त्र्याहत्तरची, म्हणजे आईच्या हिशोबाने जवळजवळ चौऱ्याहत्तरची. बहुतेक विकेन. तू काय करणार आहेस ते कळव, तुझं पुढच्या नोव्हेंबरात आहेच. आपलं निदान पेन्शन तरी आहे म्हणा, आमच्या शाळेतल्या नव्या मुलींना, २००५ च्या नोव्हेंबरपासून लागलेल्यांना, तेही जुनं नाही, त्यांच्यासमोर हा विषय काढायलाच कसंतरी होतं.

भीती एकाच गोष्टीची वाटते, सोळा तारखेची. शाळा सोळाला उघडतायत. दरवर्षी त्या दिवशी पहिलीच्या वर्गात जी रडारड असते ना, एक गप्प झालं की दुसरं सुरू, आणि आपण एकाला कडेवर घेऊन दुसऱ्याचं नाक पुसतोय, ते यंदा दुसरं कुणीतरी करणार. ती नवीन मुलगी चांगली आहे, पण तिचा आवाज लहान आहे. सांगितलंय तिला, रडणाऱ्याला आधी खडू दे हातात, नाव नंतर विचार. आणि घरी हे आहेत, दोन वर्षं झाली रिटायर होऊन, पेपर सगळ्या घरभर पसरतात आणि दर तासाला चहा. सोळाला मी घरात थांबतच नाही बघ, आईला घेऊन गावाला जाणार आहे. मेमध्येच एवढा पाऊस झाला की भावाची मशागत राहिली, तो वैतागलाय, पण आई खूश होईल.

आता महत्त्वाचं. एक जून सरकारचा होता, तो सरकारबरोबर संपला असं मी ठरवलंय, यापुढे माझा वाढदिवस दसऱ्याला. यंदा दसरा २ ऑक्टोबरला आलाय, गांधी जयंतीलाच. तुला सकाळी शाळेत जावं लागेल, मला नाही!! तर फोटोपूजन, भाषणं उरकून दुपारची विटा-कराड एसटी पकड, तसंही आता अर्ध्या तिकिटात येतेस. राहायच्या तयारीने ये, रात्री आई तुला भूकंपाची गोष्ट पहिल्यापासून सांगेल, त्याला इलाज नाही. केक नको, श्रीखंड मी घरी करणार आहे, चक्का बांधायला तू लवकर आलीस तर बरंच.

तुझी,
मंगल

ता.क. तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते लिहिलंच नाहीस, फोन कर.