बोल्टवरच्या घराला कुठला रकाना? ग्रामविकासमंत्र्यांना एक खुले पत्र

प्रति,
मा. ग्रामविकासमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : कारखान्यात तयार होऊन ट्रेलरवरून येणाऱ्या घरांचा परवाना आणि तपासणी.

मंत्रिमहोदय,

स.न.वि.वि.

माझ्या आईचं घर ग्रामपंचायतीच्या लेखी आहेही आणि नाहीही. परवाना मागायला गेले तेव्हा ते 'बांधकाम' नव्हतं, म्हणून परवाना मिळाला नाही. घरपट्टी लावायची वेळ आली तेव्हा तेच घर आरसीसी इमारत झालं. प्रत्यक्षात त्यात काँक्रीटचा एक खांबही नाही. ही गंमत सांगण्यासाठी मी मंत्रालयाला लिहीत नाही. या दोन टोकांच्या मध्ये एक गोष्ट राहून गेली, ती जिवावर बेतू शकते, म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव दक्षिण रायगडात. जांभ्या चिऱ्याचं, कौलारू घर, पुढे पडवी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं, तेव्हा दुपारभरात अर्धी कौलं आणि मागचे वासे गेले. ज्यांची सुपारीची वाडी गेली त्यांच्यापुढे आमचं नुकसान काहीच नव्हतं. पत्रे घालून तीन पावसाळे काढले. मग भिंत ओलावली, आईचे गुडघे गेले, गवंडी मिळेना, आणि वाळू-चिऱ्याचे भाव ऐकून भावानं हात वर केले. शेवटी त्याच आवारात तयार घर आणून ठेवायचं ठरलं. वीस फूट बाय दहा फुटांचे दोन खोके एकमेकांना जोडायचे. स्टीलचा सांगाडा, पफ पॅनलच्या, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या भिंती, आत संडास-बाथरूम. चारशे चौरस फूट, एका म्हातारीला पुष्कळ.

विक्रेता म्हणाला, "ताई, सगळं नट-बोल्टवर आहे. परवानगीचा प्रश्नच येत नाही." हे वाक्य आज महाराष्ट्रात किती ठिकाणी ऐकवलं जात असेल! ते खोटं आहे. राज्याच्या विकास नियमावलीत इमारत म्हणजे कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही साहित्याने उभारलेली वास्तू. त्यातून सूट आहे ती समारंभाच्या मांडवाला, शामियान्याला. माणूस बारा महिने राहणार असेल तर भिंत चिऱ्याची असो की स्टीलची, ती इमारतच. गावठाणात ती उभी करायची तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे पंचायतीची परवानगी लागते. मी हे वाचलं आणि शहाणपणा करून अर्ज घेऊन गेले.

ग्रामसेवक भला माणूस. (आता त्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय आणि तलाठ्याचं ग्राम महसूल अधिकारी. पाट्या बदलल्या, रकाने तेच राहिले.) त्यानं विक्रेत्याचं माहितीपत्रक उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "जोता कुठाय? भिंतीची जाडी किती लिहू? हे तर सामान आहे, मॅडम. सामानाला परवाना मी कसा देऊ?" तालुक्याला विचारतो म्हणाला. तालुक्यानं सांगितलं, तात्पुरतं असेल तर चालतंय. किती दिवस तात्पुरतं, हे कुणी सांगितलं नाही, आणि 'चालतंय' हे लेखी द्यायला कुणी तयार झालं नाही. बँकेनंही गृहकर्ज नाकारलं, वस्तू हलती आहे म्हणून. वैयक्तिक कर्ज घ्या म्हणाले, म्हणजे व्याज जास्त.

शेवटी घर आलं, आणि तेही रात्री. रस्त्यावरच्या वाहनाची रुंदी नियमाने २.६ मीटरपर्यंत, आमचा खोका तीन मीटरच्या वर. त्यासाठी वेगळी परवानगी लागते हे विक्रेत्याला चांगलं ठाऊक होतं, म्हणूनच त्यानं रात्र निवडली. पहाटे हायड्रा क्रेननं दोन्ही खोके उचलून सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवले, मधली फट सीलंटनं भरली, चहा घेतला आणि मंडळी गेली. आठ वाजेपर्यंत गावातली निम्मी पोरं आत जाऊन एसी कुठे बसणार ते पाहून आली होती.

आता मुद्द्याचं. ते घर बघायला सरकारतर्फे एकच माणूस आला. टेप घेऊन लांबी-रुंदी मोजली, कारण घरपट्टी लावायची होती. त्याच्या तक्त्यात झोपडी किंवा मातीचं घर, दगड-विटा-मातीचं, दगड-विटा-सिमेंटचं आणि आरसीसी, एवढेच प्रकार. स्टीलच्या घराला यातलं काय लावणार? त्यानं सगळ्यांत वरचं लावलं. मी तक्रार केली नाही. निदान नमुना ८, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा उतारा हातात पडला, त्यावर वीज मीटर मिळालं.

पण ठोकळ्यांखाली वाकून कुणी बघितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या ओळखीचा एक स्ट्रक्चरल इंजिनिअर जेवायला आला होता. तो हात धुवायला बाहेर गेला तो तिथेच उकिडवा बसला. खोके ठोकळ्यांवर नुसते टेकलेले होते. घर पायाशी जखडणारा एकही अँकर बोल्ट नाही. विक्रेत्याला फोन लावला तर म्हणाला, "दोन टन वजन आहे ताई, कुठं उडतंय!"

इंजिनिअरनं कॅलेंडरच्या पाठीवर हिशोब मांडला, तो इथे देते. वाऱ्याचा दाब काढायचं आपल्या भारतीय मानकातलं सूत्र सोपं आहे : वेगाचा वर्ग गुणिले ०.६. याच मानकात, म्हणजे आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी जवळपास १५८ किलोमीटर. पुण्यासाठी ३९ मीटर. मुंबईचा आकडा धरला तर दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलो भार येतो. एका खोक्याचं छत साडेअठरा चौरस मीटरचं. वारा छतावरून जाताना ते वर ओढतो. ढोबळमानानं ती ओढ झाली सुमारे २२०० किलो. खोक्याचं वजन दोन टन. बाजूच्या भिंतीवरचा धक्का यात धरलेलाच नाही. "वजन आणि वारा बरोबरीत सुटले तर नशीब," असं म्हणून त्यानं कॅलेंडर परत खिळ्याला लावलं. तो खिळा जुन्या घराच्या भिंतीत होता, हे ओघाने आलंच.

त्या मे महिन्यात आम्ही खाली पट्टीचा काँक्रीट पाया घालून घेतला, प्रत्येक खोक्याला सहा ठिकाणी बोल्ट मारले आणि स्टीलच्या सांगाड्याला दोन ठिकाणी अर्थिंग दिलं. तेही आधी नव्हतं. चारही बाजूंनी धातूची भिंत असलेल्या घरात अर्थिंग नसणं म्हणजे काय, हे मी आईला आजवर सांगितलेलं नाही.

कुणी म्हणेल, तुम्ही विक्रेता नीट निवडायला हवा होता. मान्य. पण चिऱ्याचं घर बांधताना माझ्या वडिलांनी गवंडी निवडला होता आणि भिंत रोज डोळ्यांसमोर चढत होती. पाया भरताना अख्खं गाव बांधावर बसून सल्ले देत होतं. तयार घराची भिंत कारखान्यात बंद होते. आत फोम आहे की रॉकवूल, ते आग धरतं की नाही, सांगाड्याचा पत्रा किती जाडीचा, हे घेणाऱ्याला दिसत नाही आणि आमच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यालाही दिसणार नाही. त्याच्याकडून ती अपेक्षा करणंच चूक.

या घरांचं वावडं सरकारला नाही, हे मी जाणते. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, त्यानंतर वाचलेल्या माणसांना चौकजवळ कंटेनरच्या घरांत आणून ठेवलं ते शासनानंच. २२ जुलै २०२१ ला तळीयेवर डोंगर आला, तिथल्या लोकांचं आधी कंटेनरमध्येच भागवलं आणि नंतर म्हाडानं प्रीफॅब, म्हणजे कारखान्यात तयार होणाऱ्या घरांचं काम हाती घेतलं. केंद्रानं १ जानेवारी २०२१ ला इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, अगरताळा आणि लखनौला नव्या तंत्रानं इमारती बांधायचे सहा प्रकल्प सुरू केले. रांचीत तर अख्ख्या खोल्याच तयार ओतून आणल्या. आपल्या राज्यात त्यातला एकही नाही, पण ते असो. राष्ट्रीय इमारत संहितेत प्रीफॅबसाठी वेगळा विभाग आहे. जीएसटीवाल्यांनाही हे घर अचूक ओळखता येतं : शीर्षक ९४०६, पूर्वनिर्मित इमारती, कर १८ टक्के. तो मी भरला. दिल्लीला कळलेली इमारत माझ्या पंचायतीच्या फॉर्मवर तेवढी सापडत नाही.

अमेरिकेत अशी घरं लाखोंनी आहेत आणि तिथे हा प्रश्न त्यांनी दोन तुकड्यांत सोडवला. १५ जून १९७६ पासून तिथे कारखान्यात बनणाऱ्या घरांसाठी देशभर एकच संहिता आहे. कारखान्यातच त्रयस्थ संस्था तपासणी करते आणि घराच्या प्रत्येक भागावर लाल रंगाची धातूची पट्टी ठोकली जाते. आत एक तक्ता चिकटवलेला असतो : हे घर कोणत्या वाऱ्याच्या पट्ट्यासाठी बनवलंय, वगैरे. गावच्या निरीक्षकाला मग भिंत उघडून बघायची गरज पडत नाही. त्यानं पाहायचं ते पाया, जमिनीशी जखडणी, दोन भागांचा जोड, पाणी आणि वीज. तेही आपोआप झालेलं नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू वादळानं दक्षिण फ्लोरिडात अशा घरांची दाणादाण उडवली, त्यानंतर १९९४ मध्ये वाऱ्याचे नियम कडक केले. आपलं निसर्ग आणि त्यापाठोपाठ २०२१ चं तौक्ते येऊन गेलं. आपण काय केलं?

तिथलं सगळं जसंच्या तसं उचला असं मी म्हणत नाही. आपल्याकडे दोन गोष्टी पुरतील. पहिली कारखान्यासाठी : प्रत्येक मॉडेलचा एकदाच नमुना-दाखला. असे दाखले देण्याची योजना केंद्राच्या बीएमटीपीसीकडे, म्हणजे बांधकाम साहित्य व तंत्रज्ञान परिषदेकडे आहे. सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांनाही हे काम देता येईल. दाखल्याचा क्रमांक घरावर कोरलेला असावा, म्हणजे अर्जात भिंतीच्या जाडीच्या जागी तो लिहिता येईल. दुसरी जागेवरची : दोनच भेटी. घर येण्याआधी पाया आणि त्यातले बोल्ट बघायला एक, घर बसल्यावर बोल्ट आवळलेत का, अर्थिंग, सेप्टिक टँक आणि शोषखड्डा बघायला दुसरी. पंचायत समितीचा शाखा अभियंता हे अर्ध्या तासात करू शकतो. या भेटींना लोकसेवा हक्क कायद्याखाली मुदत घाला. नगररचना कायद्यात साठ दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असं मानायची सोय आहे, पण इथे ती नको; कागद मानीव असू शकतो, बोल्ट मानीव असू शकत नाही.

२०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांना मोठी मोकळीक दिली गेली, मालकानं कळवायचं, शुल्क भरायचं आणि कामाला लागायचं. चांगलं झालं, हेलपाटे वाचले. पण चिऱ्याच्या घरात निदान गवंड्याची नजर शिल्लक राहते. तयार घरात कागदाबरोबर शेवटची नजरही जाते.

आणि हो, या पत्राचा आधार घेऊन कुणी डोंगर कापून 'कंटेनर व्हिला' विकू नये, हेही लिहून ठेवते. मुळशी-कर्जतपासून आमच्या माणगावपर्यंत शेतजमिनीचे गुंठे पाडून, वर 'चाकांवर आहे, एनए लागत नाही' म्हणून सांगणारे आहेत. शेतघराला किमान ०.४ हेक्टर जमीन लागते, आणि तेवढ्या जमिनीत दीडशे चौरस मीटरच बांधता येतं. घर ट्रेलरवरून आलं म्हणून ती अट हलत नाही. माझं मागणं सवलतीचं नाहीच. मला रकाना हवाय, आणि रकान्यामागून येणारा तपासनीस हवाय.

घरपट्टीच्या तक्त्यातही पाचवी ओळ घाला. मी आरसीसीचा दर भरते आहे, पुढेही भरीन, पण वीस वर्षांनी भाऊ हे घर विकायला किंवा हलवायला निघाला तर कागदावर काँक्रीटची इमारत आणि जागेवर स्टीलचे दोन खोके, हे तो कुणाला समजावणार?

आपण रायगडच्या दौऱ्यावर आलात तर घर बघायला जरूर यावं. खाली वाकून बोल्ट दाखवीन. आई आता तिथे रुळली आहे. पाऊस पत्र्यावर फार वाजतो, पण गळत नाही म्हणते. तिची तक्रार एकच : भिंतीत खिळा जात नाही, त्यामुळे गणपतीला मखराची दोरी कुठे बांधायची. ती तक्रार आपल्या खात्यात येत नसावी.

कळावे,

आपली,
दक्षिण रायगडातली एक घरपट्टीदार