नले, तुझाच सूर बरोबर होता

प्रिय नले,

'कॅसाब्लांका'ची डिस्क पोचली. गणपतीतच पोचली गं, बाबीचा भाचा घरी येऊन देऊन गेला. तू तीनदा विचारलंस आणि मी एकदा नुसता अंगठा पाठवून गप्प बसले, ह्याचं मला इतके दिवस वाईट वाटतंय. खरं कारण असं की ती डिस्क लावायला घरात काहीच नव्हतं, आणि तसं सांगितलं असतं तर तू पुढच्या माणसाबरोबर प्लेअरपण पाठवला असतास, मी ओळखते ना तुला. शेवटी दिवाळीत ओंकार आला, त्याच्याकडचा तो गेम खेळायचा डबा असतो ना, त्यात फोर-के डिस्क चालते म्हणे, तो त्याने ठेवून दिलाय.

तब्येती ठीक. माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं झालं, डाव्याचं उन्हाळ्यात. ह्यांची शुगर आहे तशी.

आता मुद्दा. नले, मला तुझी माफी मागायचीये, आणि का ते दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही, म्हणून रात्रीचे साडेअकरा वाजलेत तरी टाइप करत बसलेय.

आधी चित्राबद्दल सांगते, कारण तू त्याचसाठी पाठवलीस. आपला हा जुना काळा-पांढरा इंग्रजी सिनेमा मी किती वेळा पाहिला असेन ते तुला माहितीये, पण हा मी पाहिलेलाच नव्हता. रिक झालेल्या बोगार्टचा तो पांढरा कोट! आपल्या कॅसेटमध्ये तो म्हणजे नुसता चुन्याचा ठिपका होता, डीव्हीडीत जरा कोटासारखा झाला, आणि आता त्याच्या कोपरावरच्या चुण्या दिसतात, खिशाची शिवण दिसते. ग्रेन, म्हणजे फिल्मचे ते दाणे, पण आहे भरपूर, बारीक, सगळीकडे हलत असलेला. डीव्हीडीत तो साफसफाई करून पुसून टाकलेला होता, त्यामुळे सगळे चेहरे कसे पावडर लावल्यासारखे गुळगुळीत. आणि एक दृश्य विरघळून दुसरं यायचं असतं तिथे ते सुरू व्हायच्या जरा आधीच चित्र एकदम भरड होतं, कारण तेवढा तुकडा लॅबमध्ये पुन्हा छापलेला. आता मला आधीच कळतं, आला, आता बदलणार. इल्सा झालेल्या इन्ग्रिडवर मात्र ते तसंच मऊ आहे, लेन्सवर जाळी लावून घेतलेलं, डोळ्यांत ते दोन चमकते ठिपके. बोगार्टचा शॉट आला की एकदम कडक. हा फरक पूर्वी एवढा जाणवायचा नाही.

आणि ती इव्हॉन, मार्सेयेजच्या, त्या फ्रेंच राष्ट्रगीताच्या वेळी रडते ती. डीव्हीडीत गालावर पांढरी रेघ दिसायची, बस. आता डोळ्याच्या कडेला पाणी साठतं, थांबतं आणि मग ओघळतं, सगळं दिसतं. मादलेन लबो. १९४० मध्ये पॅरिस सोडून पळालेली बाई, तीही आणि तिचा नवराही, तो मार्सेल दालिओ, ह्याच सिनेमात रूलेटच्या टेबलावर उभा आहे. मेजर स्ट्रासर झालेला कॉनराड फाइट पण नाझींमुळेच जर्मनी सोडून आलेला. तू हे मला लॉ कॉलेज रोडवरून चालताना सांगितलं होतंस, तेव्हा मी म्हटलं होतं नट्या आहेत त्या, रडतातच. ते मागे घेते. पण ती ही माफी नाही, ही छोटी झाली.

मोठी अशी. तू पाठवलेल्या डिस्कच्या खोक्यावर मागे लिहिलंय १०२ मिनिटं. माझ्या डीव्हीडीवर ९८. कॅसेटवर पण ९८ होतं, मला पक्कं आठवतंय, कारण अशोकदादाने लंडनहून ती आणली तेव्हा मी वहीत लिहून ठेवलं होतं. डीव्हीडीसुद्धा त्यानेच आणलेली, २००४ साली. म्हणजे चार मिनिटं गायब! मी म्हटलं इंग्रजांनी कापला सिनेमा. इतकी वर्षं आपण कापलेला बघत होतो की काय, आणि तू तिकडे अमेरिकेत पूर्ण बघतेयस आणि मला बोलली नाहीस!

मग मी काय केलं, बेडरूममधला जुना टीव्ही हॉलमध्ये आणवला (ह्यांनी आणि ओंकारने धरून, ह्यांच्या कमरेचं काही झालेलं नाही, काळजी नको), त्याला जुना डीव्हीडी प्लेअर लावला, शेजारी नवा टीव्ही, आणि दोन्ही एकाच वेळी सुरू केले, हातात वही. एकही दृश्य कमी नाही. एकही वाक्य कमी नाही. पण डीव्हीडी आपली हळूहळू पुढे चाललीये! आधी एक शब्द पुढे, मग अर्धं वाक्य, मग इकडे रिक दारातून येतोय तर तिकडे तो टेबलापाशी पोचलेला. इल्सा त्या पियानोवाल्या सॅमला गाणं म्हणायला सांगते तोवर डीव्हीडी मिनिटभराहून जास्त पुढे गेली होती. मी पॉज केलं, डीव्हीडी तिथपर्यंत मागे आणली आणि दोन्ही सॅम एकदम सुरू केले.

नले, दोघांचे सूर वेगळे!

मला वाटलं कानच गेले. पेटी काढली. डीव्हीडीतला सॅम वरच्या सुरात गातो आणि तुझ्या डिस्कमधला त्याच्या खाली, पूर्ण पट्टीचासुद्धा फरक नाही, एका पट्टीच्या जरा आतच. ओंकारने मग समजावलं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सवर चालतो. इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून टीव्हीची पद्धत २५ फ्रेम्सची, पाल म्हणतात ती. मग २४ चे २५ कसे करायचे? काही करत नाहीत, सिनेमाच २५ वर पळवतात. चार टक्के भरभर. १०२ मिनिटांचे बरोब्बर ९८ होतात, आणि आवाजही तेवढाच चढतो. अमेरिकेत वेगळी युक्ती, तिथे काही फ्रेम्स थोड्या जास्त वेळ दाखवून आकडा जुळवतात, त्यामुळे वेग तोच राहतो, सूरही तोच. आणि ह्या नव्या डिस्कांवर तर सिनेमा चोवीसलाच असतो.

आठवतंय का, छायागीत आणि चित्रहारमधली गाणी पेटीवर रेडिओच्या पट्टीत बसायची नाहीत, आणि तुझे मामा म्हणायचे दूरदर्शनवाल्यांचं मशीन चढतंय. मामा बरोबर होते की गं! मिरजेत तानपुरे जुळवण्यात जन्म गेलेल्या माणसाला आपण हसलो होतो.

आता १९८९. होस्टेलची गच्ची. फिल्म अप्रिसिएशन कोर्सचा शेवटचा आठवडा, कुमुदताई, बाबी, तो केरळचा मुलगा, सगळे बसलेले, आणि तू सॅमचं गाणं म्हणायला घेतलंस. मी दुसऱ्या ओळीला तुला थांबवलं. सगळ्यांसमोर. "नले, खाली चाललीयेस, चढव." तू म्हणालीस नाही, असंच आहे. मी म्हटलं मी शंभर वेळा ऐकलंय. तू पुन्हा सुरू केलंस, पुन्हा तिथूनच, आणि मी पुन्हा थांबवलं, आणि वर तुला स्वर दिला. माझा स्वर. कॅसेटचा.

तू तो घेऊन गायलीस, चांगलीच गायलीस, पण नंतर जिन्यात काही बोलली नाहीस. आणि त्यानंतर मी तुला लोकांत गाताना ऐकलेलं नाही. माझ्या लग्नात आत्याने आग्रह केला तर "सुमी म्हणेल" म्हणालीस. इराच्या बारशाला तेच. मला वाटायचं तुला आता आवडत नाही, किंवा तिकडे गेल्यावर सुटलं. फोनवर एकदा तू गुणगुणलीस तेव्हाही मी म्हटलं होतं की तुझी अमेरिकन कॅसेट सैल झालीये, म्हणून सूर उतरलाय. आणि तू हसलीस! तेव्हा तरी भांडायचंस गं.

तू तुझ्या दादांबरोबर हा सिनेमा मुंबईत पडद्यावर पाहिला होतास, प्रोजेक्टरवर, चोवीसला. चौदा-पंधरा वर्षांची होतीस, आणि तेवढ्यावर तू सूर धरून ठेवलास, पेटी नाही, कॅसेट नाही, काही नाही. मी शंभर वेळा ऐकून चुकीचा धरला आणि तुझा मोडला. सॅम झालेला डूली विल्सन स्वतः ड्रमवाला, पियानो त्याला येतच नव्हता, तो वाजवला दुसऱ्याने, आणि त्या वर्षी अमेरिकेत वादकांचा रेकॉर्डिंगवर बहिष्कार चालू होता म्हणून त्याला स्वतःच्या ह्या गाण्याची तबकडीसुद्धा काढता आली नाही. म्हणजे तेव्हा त्याचा सूर फक्त सिनेमात होता, जो थेटरात बसेल त्यालाच मिळणार. तुला मिळाला होता.

आठ-दहा दिवस झाले, माझ्या डोक्यातून हे जात नाही. सकाळी दूध तापवताना मी गुणगुणते तर तोंडातून कॅसेटचाच सूर येतो. मग पेटीवर जाऊन खालचा लावायचा, त्यात म्हणायचं, आणि तो मला अजून परक्यासारखा वाटतो, जरा थकलेला, वयस्कर माणसाचा. रिकचा आवाजही तसाच, जड झालाय. कॅसेटमध्ये तो जरा तरतरीत बोलायचा, विमानतळावरची ती शेवटची बोलणी कशी झपाझप व्हायची. आता तो एकेक वाक्य बोलायला वेळ घेतो, आणि ती नुसती बघत राहते. मला आधी झोपाळलेलं वाटलं, पण तिसऱ्यांदा पाहताना मी तिथे रडले. मार्सेयेज मात्र मला अजून भरभरच हवं आहे, त्यात मी अजून तुझ्या बाजूला आलेले नाही.

ह्यांचं म्हणणं, इतक्या वर्षांनी एवढ्याशा सुरासाठी कोण जीव काढतं. तुला कळेल म्हणून तुला लिहितेय. माझ्या मनात एकच येतं, त्या दिवशी मी तोंड मिटून बसले असते तर तू गात राहिली असतीस का? की तुझं थांबायचं कारण दुसरंच काही होतं, आणि मी उगाच सगळं स्वतःकडे ओढतेय? खरं सांग. दादा गेले ते त्याच वर्षी, ते मी विसरलेले नाही. पण तेच असेल तर तेही सांग, मी कधी विचारलंच नाही.

तुझ्या गुडघ्याचं कळलं बाबीकडून. दोन्ही एकदम करू नकोस, इथे सगळे एकेक करतात. इराला नोकरी लागली, छान झालं, पत्ता पाठव तिचा. श्रीकांतरावांना सांग की रंगीत कॅसेट हा विषय माझ्याकडून बंद झालेला नाही, १९८८ साली त्या अमेरिकेतल्या टर्नर चॅनेलवाल्यांनी रंगवून टीव्हीवर दाखवला म्हणून तो 'सुधारला' होत नाही, आणि पुढच्या वर्षी अमेरिकन सरकारच्या यादीत जपायचे पहिले पंचवीस सिनेमे निवडले त्यात हा होता, रंगाशिवाय. त्यांनी सोलापूरच्या लग्नात माझ्याशी दीड तास घातलेला वाद मी अजून जिंकायची आहे.

डीव्हीडी मी टाकलेली नाही. कॅसेटपण माळ्यावर आहे, बुरशी आलीये तिला, असू दे.

रविवारी आपली रात्र म्हणजे तुझी सकाळ. फोन कर. पेटी मी बंद ठेवते, तानपुराही नाही लावत. तुला हवं तिथून सुरू कर, मी मधे बोलणार नाही.

तुझी,
सुमी

ता. क. मेतकूट आणि भाजणी बाबीच्या जावेबरोबर पाठवलंय, ती सव्वीसला निघतेय. भाजणी फ्रीजमध्ये ठेव.