आई-बाबा, रागावण्याआधी शेवटपर्यंत वाचा

प्रिय आई-बाबा,

फोन केला असता तर आई गप्प झाली असती आणि बाबांनी "बघू" म्हणून विषय संपवला असता. म्हणून पत्र. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधल्या ओळी गाळायच्या नाहीत.

मी इंजिनिअरिंग सोडलं. सोडणार आहे असं नाही, सोडलंच. दाखला काढला आणि विद्यापीठात जर्मन आणि भाषाविज्ञानाला प्रवेश घेतला, पुन्हा पहिल्या वर्षाला. आधी विचारायला हवं होतं, कळतंय मला. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसता, पण रात्रभर जागला असता, आणि ते बघून मीच माघार घेतली असती. चूक माझी आहे.

नापास झाले म्हणून पळाले, असं कुणी म्हणालं तर खुशाल गुणपत्रिका दाखवा. चारही सेमिस्टर सुटलेत. पण वहीची मागची पानं जर्मन क्रियापदांनी भरायची आणि पुढे बीमची एक आकृती, तीही अर्धवट. असं किती दिवस रेटायचं?

"भाषेला क्लास पुरतो, पदवी कशाला?" हे बाबांचं वाक्य मला इथेच ऐकू येतंय. बाबा, भाषा किती येते ते मोजणाऱ्या, ए-वनपासून सी-टूपर्यंतच्या सहा पायऱ्या तर चढायच्याच आहेत. पण इथे भाषा आतून उघडून दाखवतात. परवा सरांनी फळ्यावर एका बाजूला पितृ, पाद, पञ्च लिहिलं आणि समोर जर्मन शब्द: फाटर, फूस, फ्युन्फ. प्रत्येक ठिकाणी आपल्या 'प'समोर 'फ'. हा योगायोग नाही, नियम आहे. 1822 मध्ये याकोब ग्रिमने तो मांडला. हो, परीकथावाले ग्रिम बंधू, त्यांतला थोरला! तोही आधी कायदा शिकायला गेला होता, हे मुद्दाम सांगतेय. आणि मुलीला ते टॉख्टर म्हणतात, ते आपल्या दुहितृचंच भावंड.

मराठीसारखी तीन लिंगं तिथेही आहेत. मुलगी म्हणजे मेडशेन, आणि ती चक्क नपुंसकलिंगी, कारण '-शेन' लावून लहान केलेला शब्द 'ते'च होतो. वर्गात सगळे हसले. मला आजी आठवली. "आमचं पोरगं झोपलं का गं?" असं ती दारातून विचारायची आणि मी डोळे मिटून पडलेली असायचे, आईने उचलून आत न्यावं म्हणून. आई, तुला ते सोंग माहीत होतं ना?

पुढे अनुवाद, दुभाष्याचं काम, शिकवणं, यंत्रांच्या माहितीपुस्तिका. त्या शेवटच्या कामात माझी दोन वर्षं अगदीच फुकट जाणार नाहीत. सुरुवातीला पैसे कमी मिळतील, ते लपवत नाही. त्या दोन वर्षांच्या फीचं रोज मनात येतं. आता संध्याकाळी शाळेतल्या दोन मुलांना गणित शिकवते, वरखर्च त्यातून निघतो. खोलीत सकाळचं ऊन येतं, गरम पाणी असतं, जेवण वेळेवर होतं. वजन कमी झालेलं नाही, उलटच.

आता तुमचं. बाबा, बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी परस्पर बंद करायची नसते. मागच्या वेळी पाकिटात आठ जास्त सापडल्या होत्या, मी मोजल्यात. आई, गुडघ्याचा व्यायाम "उद्यापासून" नाही, आजपासून. आणि जिन्यातला दिवा बदलून घ्या, स्टुलावर स्वतः चढू नका, दोघांपैकी कुणीही नाही. चिडून लिहीत नाहीये, काळजी वाटते म्हणून. आणि नातेवाइकांना काय सांगायचं ते माझ्यावर सोडा. तुम्ही नुसतं "तिला विचारा" म्हणा.

हे वाचून झालं की फोन कराल, तेव्हा बाबा, आधी तुम्ही बोला. आई आधी बोलली तर मी रडेन आणि मग काहीच बोलणं व्हायचं नाही.

तुमचं,
पोरगं